मराठी गाणी आणि माहेरची वाट : पुन्हा पुन्हा तोच विषय का?

रानजाई

मराठी गाण्यांत सारखे येणारे विषय कोणते असं विचारलं की पाऊस, चांदणं, विठ्ठल, प्रेम अशी उत्तरं येतात. माझं उत्तर माहेर आहे. भोंडल्यापासून भावगीतापर्यंत आणि अभंगापासून सिनेमापर्यंत हा विषय इतका मुरलेला आहे की आपण त्याच्याकडे वेगळं काढून बघतच नाही.

सध्या मी ही गाणी सलग ऐकते आहे, आणि एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते. ही गाणी माहेरच्या घरात क्वचितच शिरतात. ती माहेरच्या वाटेवर असतात. निघायची परवानगी, न्यायला येणारा भाऊ, निरोप नेणारा वारा, मागे वळून बघणं यावर गाणं उभं राहतं आणि उंबरठा यायच्या आत संपतं.

भोंडल्यातलं ‘कारल्याचा वेल’ आठवा. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं तर वेल निघू दे. वेल निघाला तर कारलं लागू दे. मग भाजी कर, मग ती खा. अटींमागून अटी आणि प्रत्येक कडव्यात ‘मग जा आपल्या माहेरा’. शेवटी वेणीफणी होते आणि गाणं तिथेच थांबतं. पोरगी माहेरी पोचलेली आपल्याला दिसत नाही. लहानपणी फेर धरून हे गाणं म्हणताना मजा यायची. आता ऐकलं की त्या सुनेचं मोसम-दोन मोसमांचं थांबणं ऐकू येतं.

कृ. ब. निकुंबांचं ‘घाल घाल पिंगा वाऱ्या’ घ्या. ती स्वतः जाऊ शकत नाही म्हणून वाऱ्याला पाठवते. पोर सुखी आहे असं आईच्या कानात सांग म्हणते, आणि त्याच गाण्यात तिच्या चंद्रकळेचा शेव ओला होतो. भादव्यात वर्ष झालं म्हणते. परसातला सुवास, खोडकर वासरू हे सगळं तिला लांबून दिसतं. पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लताबाईंचं ‘गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का’ तर निघण्याच्या क्षणावरच उभं आहे. आई लेकीला निरोप देते, संपलं.

असं का होत असावं? मला वाटतं याचं मूळ जात्यात आहे. ओवी गाणारी बाई पहाटे जात्यावर बसलेली असते ती सासरी. तिथून माहेर नेहमी लांबच दिसणार. आपल्या गाण्याला ही नजर तिथून मिळाली आणि पुढे कवी आले, रेडिओ आला, सिनेमा आला तरी ती टिकली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा हा साठा आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर येतो आहे, बऱ्याच ओव्या ऐकताही येतात. त्यात भाऊ, मुराळी (माहेरी न्यायला येणारा), आई, माहेरची वाट किती वेळा येते ते बघा.

तुमच्या भागातली गाणी या नजरेनं ऐकली तर काय दिसतं? सगळ्यांनी लिहा.

वाघूरकाठ

रानजाईताई, धागा वाचून राहवलं नाही. मी जळगावकडचा. आमच्याकडे हा विषय गाण्यात आहे म्हणण्यापेक्षा पंचांगातच आहे.

खान्देशात आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया हा लेकीबाळींचा सण. दिवाळीला नाही आली तर चालेल, पण आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी. निंबाला, चिंचेला झोके बांधतात आणि पोरी गातात, ‘आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय वं’. उन्हाळा कडक, शेतात काम नाही, विहिरी खोल गेलेल्या. त्या दिवसांत बायकांना थोडी उसंत मिळते म्हणून हा सण तेव्हा येतो. गाण्यामागे शेतीचं वेळापत्रक आहे हे विसरू नका.

दुसरी भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन पोरी घरोघर जातात. भुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती. प्रत्यक्ष देवीला माहेरी यावंसं वाटतं तर आपण कोण!

आणि बहिणाबाई. आसोदं हे त्यांचं माहेर, जळगाव सासर. ही दोन गावं जवळजवळ लागून आहेत. सकाळी निघालं तर उन्हं चढायच्या आत पायी पोचावं एवढं अंतर. तरी माहेरच्या वाटेवर त्यांनी जे लिहिलं ते वाचून वाटतं जणू दोन मुलखांच्यामध्ये डोंगर आहे. वाटेत त्यांना ठेच लागते तर तो दगडच बोलतो : बाई, सांभाळून जा, मी तुझ्याच माहेरच्या वाटेवरचा आहे. अंतर मैलांचं नव्हतंच. सासरची परवानगी, दळण, शेत, पोरंबाळं यांचं होतं. तुमचा ‘वाट’ मुद्दा इथे मला पुरता पटतो.

मात्र बहिणाबाईंनी या विषयाला जे वळण दिलं ते दुसऱ्या कुणी दिलेलं माझ्या ऐकण्यात नाही. योगी विचारतो, एवढं माहेराचं कौतुक करतेस तर सासरी का जातेस? उत्तर आहे, ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’. आपलं सासर हेच उद्या आपल्या लेकीचं माहेर होणार आहे. या एका ओळीत अख्खी साखळी आली. त्यांच्या कविता पुस्तकरूपानं १९५२ साली आल्या, त्या गेल्यानंतर. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटामुळे त्या घराघरांत गाणी म्हणून पोचल्या. पण त्या मुळात घरोटावर, म्हणजे जात्यावर, आणि शेतात गाऊनच झालेल्या होत्या. छापण्यासाठी लिहिलेल्या नव्हत्याच.

बापू_मालवण

आमच्या कोकणातलं एक गाणं या धाग्यात यायलाच हवं. ‘गोमू माहेरला जाते हो नाखवा, तिच्या घोवाला कोकण दाखवा’. ‘वैशाख वणवा’ या चित्रपटातलं, लिहिलेलं ग. दि. माडगूळकरांनी. माणदेशच्या कोरड्या मातीतला माणूस, पण या गाण्यात शहाळ्याच्या पाण्यासकट अख्खं कोकण आणलं.

रानजाई, इथेही माणसं वाटेवरच आहेत, होडीत आहेत. पण सूर रडका नाही. गोमू नवऱ्याला बरोबर घेऊन चालली आहे आणि माझा मुलूख बघ म्हणून मिरवते आहे. सासरी ती कुणाची तरी सून असेल. होडीत बसल्यावर मुलूख तिचा आहे आणि पाहुणा तो आहे. माहेरच्या गाण्यांतलं हे सगळ्यांत ताठ मानेचं गाणं आहे असं मला वाटतं. आमच्याकडे हे गाणं सुरू झालं की म्हाताऱ्या बायकासुद्धा टाळ्या धरतात.

शिवाय गौर. भाद्रपदात गौरी येतात त्या माहेरवाशीण म्हणूनच. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजा आणि जेवण, तिसऱ्या दिवशी विसर्जन. मोजकं माहेरपण. कोकणात बायका रात्र रात्र जागून गौरीपुढे नाचतात, फुगड्या घालतात. त्या गाण्यांत गौर माहेरी आलेली असते, आणि गाणाऱ्या बायकांतल्या कितीतरी स्वतःही त्याच निमित्तानं आलेल्या असतात.

मुक्ता_ब

सगळ्यांचे प्रतिसाद मनापासून वाचले. मला हा विषय आवडतो आणि म्हणूनच त्याच्यावर प्रश्न विचारायचे आहेत.

या गाण्यांत माहेर बाईला काय देतं? साडी, चोळी, बांगड्या, ओटी, भाऊबीजेची ओवाळणी, चार दिवसांची विश्रांती. ओव्यांमध्ये भाऊ चोळी घेतो तेव्हा केवढा आनंद असतो! विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’नं १९९१ साली गावोगावच्या बायकांना चित्रपटगृहात आणलं, त्या नावातही साडी आहे. पण शेताचा वाटा कुठल्या गाण्यात आहे? घरावर नाव कुठल्या ओवीत आहे? मला सापडलेलं नाही.

महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीनं हक्क देणारा बदल १९९४ साली झाला, तेव्हा तो लग्न न झालेल्या मुलींपुरता होता. २००५ साली देशभरासाठी कायदा बदलला आणि लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. पण गावाकडे आजही वडील गेले की तेराव्यानंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. माझ्या आत्यानं केलेली सही मी पाहिली आहे. तिला कुणी धमकावलं नव्हतं. ‘भावाकडे येणं-जाणं राहिलं पाहिजे ना’ एवढंच ती म्हणाली. म्हणजे माहेरची वाट उघडी ठेवण्याची किंमत तिनं जमिनीनं मोजली. ‘माहेर तुटेल’ ही भीती एवढी मोठी कशामुळे झाली? शतकानुशतकं आपण हेच गात आलो हेही त्यामागे असणारच.

आणि ‘दिल्या घरी सुखी राहा’ हा निरोप. गाण्याची चाल काळीज हलवते, मलाही रडू येतं. पण त्या शब्दांचा व्यवहारातला अर्थ असाही झाला आहे की तिथे काही बिनसलं तरी परत येऊ नकोस. किती मुलींनी तो तसाच पाळला! गाणी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ती एका व्यवस्थेच्या आत तयार झाली आणि त्या व्यवस्थेला गोड करून गेली, हे म्हणायला हवं.

रानजाई

मुक्ता, हक्कसोडपत्राबद्दल तू लिहिलंस ते या विषयाच्या मध्यावर आहे. एक जोडते. ओव्या फक्त गोड नाहीत. भावजयीबद्दलच्या ओव्या वाच. भाऊ बोलावतो आणि भावजय तोंड फिरवते, पाण्याचा तांब्याही देत नाही, हे बायकांनी जात्यावर स्पष्ट म्हटलं आहे. आई-वडील आहेत तोवर माहेर, हेही त्या सांगतात. छापील भावगीतांत ही धार बोथट झाली. तिथे माहेर म्हणजे पारिजातक, गाय आणि आई एवढंच उरलं. दळणाऱ्या बायकांना माहेराबद्दल आपल्या कवींपेक्षा जास्त ठाऊक होतं.

आणखी एक. मंगळागौरीला, भोंडल्याला मुली माहेरी जमतात. तिथे त्या गातात काय? सासू, सासरे, नणंद, दीर. ‘अरडी गं बाई परडी’मध्ये सासरचं एकेक माणूस न्यायला येतं आणि ती जात नाही म्हणते. सासरी असताना माहेरची गाणी, माहेरी आल्यावर सासरची. ज्यांच्यासमोर बोलता येत नाही त्यांच्याबद्दल दुसऱ्या घरी जाऊन गायचं. बायकांनी तक्रारीसाठी ही जागा स्वतः तयार केली होती.

सप्तक

चर्चा बायकांच्या गाण्यांपुरती राहते आहे म्हणून लिहितो. माहेर हा विषय पुरुषांनीही तितकाच गायला आहे, आणि तोही सर्वांत मोठ्या पुरुषांनी.

‘जाईन गे माये तया पंढरपुरा, भेटेन माहेरा आपुलिया’ म्हणतात ज्ञानेश्वर. तुकोबा म्हणतात, ‘कन्या सासुऱ्यासी जाये, मागे परतोनी पाहे, तैसे झाले माझ्या जिवा, केव्हा भेटसी केशवा’. देहूचा कर्ता संसारी माणूस स्वतःला सासरी निघालेल्या मुलीच्या जागी ठेवतो. देवाची ओढ सांगायला त्याला यापेक्षा नेमकं काही सापडलं नाही. त्यानं दाखला घेतला तो रोज पाहिलेला. वेशीपर्यंत पोचवायला गेलेलं कुटुंब, आणि चार पावलांवर वळून बघणारी पोर.

एकनाथांचं ‘माझे माहेर पंढरी’ सगळ्यांना पाठ आहे ते भीमसेनजींच्या आवाजात. चाल राम फाटकांची. त्यात आई-बाप विठ्ठल-रखुमाई, भाऊ पुंडलीक, बहीण चंद्रभागा. अख्खं माहेर जमलं आहे. पण शेवटची ओळ काय? ‘एका जनार्दनी शरण, करी माहेरची आठवण’. नाथ पैठणला बसून माहेर आठवत आहेत. रानजाईंचा मुद्दा इथे अगदी शब्दशः लागू पडतो.

हा भाव फक्त शब्दांत नाही. आळंदीहून निघालेली पालखी अडीच-तीन आठवडे चालते. गाणं, भजन, भारूड, फुगडी, रिंगण हे सगळं या चालण्यात आहे. पंढरीत पोचल्यावर गर्दीत कळसाला हात जोडून परतणारे असंख्य असतात आणि त्यांना त्यात काही कमी वाटत नाही. वारीतली सगळी ताकद वाटेत आहे. म्हणून गाणीही वाटेची.

संगीताच्या अंगानं एक गोष्ट. या गाण्यांच्या चाली बघा, फार कमी वेळा त्या मोठ्या पल्ल्याच्या आहेत. वसंत प्रभूंच्या चाली साध्या, चार-पाच सुरांत फिरणाऱ्या, घरातल्या बाईला काम करता करता म्हणता येतील अशा. ओवीची चालही तशीच, जात्याच्या फेऱ्याला धरून. आवाज चढवायला जागा नाही कारण शेजारच्या खोलीत माणसं झोपलेली आहेत. विषयानं चालीचा आवाका ठरवला असं मी म्हणेन.

गिरणगावकर

सप्तक यांनी पुरुषांचा मुद्दा काढला म्हणून आमच्या लालबाग-परळची बाजू मांडतो.

गिरण्या चालू होत्या तेव्हा इथे हजारो पुरुष एकटे राहायचे. गाळ्यात पंधरा-वीस जण, जेवण खाणावळीत, बायकामुलं सातारा-सांगलीत नाही तर कोकणात. त्यांच्यासाठी माहेरची जागा गावानं घेतली. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली, माझ्या जिवाची होतिया काहिली’ ही छक्कड त्यातूनच आली. नेहमी घर सोडून निघते ती बाई. इथे निघाला आहे तो गडी, आणि मागे राहिली आहे ती मैना. लांबून बघणं मात्र तेच.

त्या गाण्याची कमाल पुढे आहे. ऐकणारा विरहाचं गाणं म्हणून मान डोलावत असतो आणि मग कळतं की मैनेची गोष्ट महाराष्ट्राची झाली आहे, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव बाहेर राहिल्याची सल त्यात आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख यांच्या आवाजात हे मैदानामैदानात गाजलं. राजकीय मागणी लोकांच्या काळजाला भिडवायची तर कुठलं दुःख त्यांच्या ओळखीचं आहे हे अण्णा भाऊंना पक्कं माहीत होतं. ते स्वतः वाटेगावाहून लहानपणी बापाबरोबर पायी मुंबईला आले होते. १ मे १९६० ला राज्य झालं, मैना पुरती आलीच नाही. गाणं अजून म्हटलं जातं त्याचं कारण हेही आहे.

आजोळ

‘झुकझुक झुकझुक अगीनगाडी’ कुणी घेतलंच नाही! मामाचा गाव म्हणजे आईचं माहेर. तीच वाट, फक्त पोराच्या डोळ्यांनी. पळती झाडं दिसतात, धूर दिसतो, आणि मामाची बायको सुगरण असते. ज्या भावजयीबद्दल ओवी कडू बोलते ती बालगीतात पोळी-शिकरण करून घालते. दोन्ही खरं असणार, बघणारं माणूस बदललं.

निळी_पाखर

मुक्ताताईंच्या प्रश्नाला माझ्याकडून थोडी भर.

माहेर देतं काय, तर ओटी भरतं. लेक परत निघाली की आई तांदूळ, नारळ, खण घालून ओटी भरते. आता कडूबाई खरात यांचं ‘मह्या भीमानं माय सोन्यानं भरली ओटी’ ऐका. एकतारीवर गाणारी ही बाई काय सांगते? ज्या समाजातल्या बाईच्या घरी ओटीत घालायला दाणा नव्हता, तिची ओटी बाबासाहेबांनी भरली. म्हणजे बाबासाहेब माहेर झाले. आणि त्या ओटीत साडी-चोळी नाही. शिक्षण आहे, हक्क आहेत, माणूस म्हणून उभं राहणं आहे. मुक्ताताई, तुम्ही गाण्यात वाटा शोधत होता, तो मला इथे दिसतो.

रानजाईताईंनी सांगितलेल्या ओव्यांच्या साठ्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या आहेत. जातं तेच, चाल तीच, आणि ओवी बाबासाहेबांवर. पंढरीच्या जागी दीक्षाभूमी येते. विठ्ठलाला, भावाला, माहेराला जे शब्द वापरले जायचे तेच शब्द बायकांनी कुणालाही न विचारता भीमासाठी घेतले. गाण्याचा विषय जुना असला तरी त्यात कोण बसतं हे गाणाऱ्या बायका ठरवतात, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

मुक्ता_ब

निळी_पाखर, हे गाणं मी अनेकदा ऐकलं आहे, पण ओटीकडे या अर्थानं पाहिलं नव्हतं. मनापासून आभार.

सुहास_बडोदा

आमची चौथी पिढी बडोद्यात. घरात मराठी, बाहेर गुजराती. माझ्या आईचं माहेर इंदूर, आजीचं ग्वाल्हेर. आमच्या नात्यातल्या बायकांची माहेरं महाराष्ट्रात नाहीतच. तरी भोंडल्यात आम्ही म्हणतो ती गाणी कारल्याच्या वेलाचीच. बरोबर त्याच दिवसांत नवरात्राचा गरबा रंगलेला असतो आणि आमच्या मुली एका संध्याकाळी पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात, दुसऱ्या संध्याकाळी गरब्याला जातात. गंमत अशी की गुजराती लोकगीतांतही पियर (माहेर) आणि सासरियं (सासर) हा विषय भरपूर आहे. सुनेचं दुःख सांगणारे गरबे आहेत, भाऊ भेटायला येतो तो प्रसंगही आहे. म्हणजे हे एकट्या मराठीचं नाही. मुलगीच घर सोडून जाते अशी पद्धत जिथे जिथे आहे तिथे हे गाणं असणार.

मराठीचं वेगळेपण कुठे असेल तर सप्तक यांनी लिहिलं त्यात. आमच्या शेजारच्या काकांना मी ‘माझे माहेर पंढरी’चा अर्थ सांगितला तेव्हा त्यांना सर्वांत नवल याचं वाटलं की हा अभंग एका पुरुषाचा आहे आणि पुरुषच टाळ घेऊन तो गातात.

अन्वी_पुणे

हल्लीच्या गाण्यांत माहेर कुठे आहे? आता मुलगी रोज आईशी व्हिडिओ कॉलवर बोलते. वारा पाठवायची गरज कुणाला?

मला एकच ठळक गाणं आठवतं, संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं ‘दमलेल्या बाबाची कहाणी’. कामावरून उशिरा येणारा बाप झोपलेल्या लेकीशी बोलतो आणि शेवटी त्याला ती सासरी निघालेली दिसते. बोलणारा बाप आहे हे मला नवीन वाटलं.

सप्तक

अन्वी, बापाचा आवाज आपल्या गाण्यात फार आधीपासून आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात झालं आणि मराठी संगीत नाटकाला खरी सुरुवात झाली. त्यात कण्व शकुंतलेला सासरी पाठवतो. कालिदासाचा कण्व म्हणतो की मी अरण्यात राहणारा, माझी ही अवस्था, मग संसारी बापांचं काय होत असेल! मराठी रंगभूमीवर गाण्याचं दार उघडलं तेच सासरी निघालेल्या मुलीच्या नाटकानं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

तुमचं गाणं वेगळं आहे ते दुसऱ्या कारणानं. कण्वाला मुलगी वाढवल्याचं समाधान आहे. दमलेल्या बाबाला ती वाढताना घरी नसल्याची खंत आहे. लोकलमधून उशिरा परतणाऱ्या माणसाचं ते दुःख आहे. उंबरठा मात्र तोच.

मुक्ता_ब

हल्लीचा विषय निघालाच आहे तर नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’बद्दल लिहिते. २०१६चा सिनेमा, गाणी अजय-अतुलची, गल्लोगल्ली वाजलेली. सगळी गाणी प्रेमाची आणि उधाणाची. पळून गेलेल्या आर्चीला माहेर उरलेलं नाही आणि माहेराचं गाणंही नाही. शेवटी तिचा भाऊ येतो. आईनं पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन येतो. आर्ची त्याला बघून हरखते, चहा करायला जाते. शेकडो ओव्यांनी ज्या भावाची वाट पाहिली तोच हा, दारात आलेला, हातात आहेर. पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या शेवटाला पार्श्वसंगीतही नाही. मला तो शेवट सहन झाला नाही याचं कारण मी लहानपणापासून मुराळ्याची गाणी ऐकलेली आहेत.

म्हणून माझा आग्रह आहे की ही गाणी म्हणावीत, जपावीत, पण मुलींना त्यांच्याबरोबर सात-बाराही दाखवावा.

रानजाई

मुक्ता, ‘सैराट’च्या शेवटाकडे या बाजूनं बघणं मला सुचलं नव्हतं. दोन दिवस तेच डोक्यात आहे.

अन्वी, तू विचारलंस त्याबद्दल. व्हिडिओ कॉलनं अंतर कमी झालं हे खरं. पण २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ला बायका गटागटानं गेल्या, नऊवारी नेसून गेल्या, तो सिनेमा सहा बहिणींचा आणि मंगळागौरीचा होता. आपापल्या संसारात पांगलेल्या बहिणी पुन्हा एकत्र येतात कशासाठी, तर माहेरी खेळायचे तेच खेळ खेळायला. आई-वडिलांचं घर त्यात महत्त्वाचं राहिलेलं नाही, बहिणींनी एकमेकींकडे पोचायचं आहे. मला तर तिथे विषय नव्यानं रुजलेला दिसतो.

अन्वी_पुणे

पटलं. आता एक मदत हवी. आमच्या सोसायटीत भोंडला होतो, पण तीच सात-आठ गाणी. वाघूरकाठ, भुलाबाईची गाणी आणि खेळ इथे बसवता येईल का? कसं करतात ते सांगाल?

वाघूरकाठ

जरूर. मातीची भुलाबाई आणि भुलोजी लागतील. आमच्याकडे भुलाबाईच्या मांडीवर बाळही असतं. त्या पाटावर बसवायच्या, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. पुण्यात धांडे बाजारात मिळणं कठीण, उसाची वाढं चालतील. भोंडल्यासारखा फेर नसतो. मुली समोर बसून किंवा उभ्यानं टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. पहिलं गाणं ‘पहिली गं भुलाबाई, देवा देवा साज दे’. त्याच्या चालीवर टिपऱ्या बसल्या की बाकीची आपोआप येतात. घरातल्या, शेजारच्या कुणी आजी जळगाव, बुलढाणा, अकोल्याकडच्या असतील तर त्यांना आधी विचारा. प्रत्येक गावाचे शब्द वेगळे असतात आणि छापील पुस्तकांतले शब्द पुष्कळदा सोवळे करून घेतलेले असतात.

महिनाभर जमणार नसेल तर शेवटचे पाच दिवस करा, कोजागिरीला संपवा. रोज एकेका घरचा खाऊ. डबा झाकलेला ठेवायचा, वाजवून दाखवायचा आणि मुलींनी ओळखायचं : गोड की तिखट, ओलं की कोरडं. ओळखता येणार नाही असा खाऊ करण्यात आयांची चढाओढ लागते. माझी आई मुद्दाम डब्यात दोन पदार्थ ठेवायची.